म्हाळसाक्काचा डावा कान

खटकचिंचोळीत तिला म्हाळसाबाई कुणी म्हणत नव्हतं. लहानथोर, गावाबाहेरच्या आमच्या वाड्यातले, वरच्या आळीतले, सगळ्यांची ती म्हाळसाक्का. नवरा लिंगाप्पा वर्षातले आठ महिने मेंढरांमागं रानात. तो मेंढरांशी बोलायचा तेवढं, माणसांशी त्याचं फारसं काही निघत नसे. घर, लेक, बाजार, भांडणं सगळं अक्काच्या अंगावर. आणि अक्काला ते जड वाटत नव्हतं.

छप्पन साली आम्ही धम्म घेतला. पुढच्या उन्हाळ्यात आडावर आमच्या बायांच्या घागरी बाजूला सारल्या गेल्या. "देव सोडला न्हवं? मग पाणी बी सोडा." माझी आई चांगुणाबाई रिकामी घागर घेऊन उन्हात उभी. म्हाळसाक्कानं आपली भरलेली घागर तिच्या घागरीत उपडी केली आणि आडावरच्या बायांना विचारलं, "देव सोडल्यावर तहान बी सुटती का गं? सुटत आसंल तर मी बी सोडती." त्यानंतर मी शंभर सभांत बोललो, पण ही गोष्ट कधी सांगितली नाही. लोकांनी तिला थोर म्हटलं असतं, आणि थोर म्हटलेलं तिला मुळीच खपत नव्हतं. आता ती नाही, म्हणून लिहितोय.

तिच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. ऐन विशीत एक कोकरू खांद्यावर घेऊन ती ओढा ओलांडत होती. कोकरानं पाय झाडला, तो तिच्या झुब्यात अडकला, आणि कोकरू झुब्यासकट खाली. पाळीचे दोन भाग झाले आणि तसेच वाळले. लोंबत्या घंटीसारखा सोन्याचा तो झुबा नंतर चिंधीत बांधून ठेवला गेला. उजव्या कानात जोडीचा दुसरा. वीस वर्षं तिनं त्याची पर्वा केली नाही. "मेंढराला कुठं दोन झुबे लागत्यात?" म्हणायची.

पण त्यांच्या घरात एक रीत होती. लेकीच्या हळदीला आईनं आपल्या कानातले झुबे काढून लेकीच्या कानात घालायचे. पेटीतून नाही, पदरातून नाही, ताटात ठेवूनही नाही. कानातून कानात. म्हाळसाक्काला तिच्या आईनं तसे दिले होते, आईला आजीनं. लेक बाणू लहान होती तोवर हा विचार लांब होता. सदुसष्ट साली बाणूचं लग्न ठरलं आणि तो जवळ आला.

मुलगा कमलापूरचा, गुलबर्ग्याच्या वाटेवरचा. त्याची आई सिद्धव्वा अंगानं आडवी आणि तोंडानं मोकळी. सुपारीच्या दिवशी बाया ओळीनं बसलेल्या. सिद्धव्वा म्हाळसाक्काकडं वाकून बघत म्हणाली, "काय बीगती, झुबा एकच? दुसरा शेळीनं खाल्ला काय?" बीगती म्हणजे विहीण, कानडीत. बाया हसल्या. म्हाळसाक्काही हसली आणि म्हणाली, "शेळीनं न्हाई, बीगती. कोकरानं." विषय तिथं संपला. निदान आम्हाला तसं वाटलं.

आता माझा भाग. तो लपवून चालणार नाही.

कामगारांच्या बैठकीसाठी मी हैदराबादला जाऊन आलो होतो. परत आल्यावर तिच्या अंगणात बसून शहराच्या गमती सांगत होतो. त्यात सांगितलं, की जुन्या शहरात एका बोळात पाटी आहे, पाटीवर दोन कान रंगवलेत, एक फाटका, एक धड. खाली एक उस्ताद बसतो आणि बायांचे कान शिवतो. मी ते हसण्यासाठी सांगितलं. ती हसली नाही. तिनं विचारलं, "बोळ कुठला?"

मी बोळ सांगितला. वर म्हणालो, "अक्का, शहराचं काम पक्कं आसतंय." निजामाच्या राज्यात वाढलेली आमची पिढी. राज्य मोडलं, आम्ही म्हैसुरात आलो, हैदराबाद परराज्यात गेलं; पण कापड असो, घड्याळ असो की हकीम, 'शहराचं' म्हटलं की प्रश्न संपला. मीही त्यातलाच.

बाणूला तिनं सांगितलं, "गाणगापूरला जाऊन येती, दत्ताला नवस हाय." आणि भालकीच्या ठेसनावर एकटीनं हैदराबादची गाडी धरली. बीदरच्या बाजारात मेंढरं विकणारी बाई, तिला कशाची भीती?

त्या बोळात काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. ओळीत बाया बसलेल्या. उस्ताद म्हातारा, गोड बोलणारा. एकच सुई, एकच पाण्याची वाटी. आधीच्या बाईचं झालं की सुई वाटीत बुडवायची, लुंगीला पुसायची, पुढच्या कानात. फाटलेल्या पाळीच्या कडा त्यानं पात्यानं खरवडल्या, रक्त आलं, मग चार टाके घातले. कसली तरी काळी पूड लावून पट्टी बांधली. म्हणाला, "अम्मा, नौ दिन पट्टी नक्को खोलो. दसवें दिन कान नया."

नऊ दिवस. हे ऐकून तिच्या डोक्यात जे बसलं ते आमच्या भागातल्या धनगराच्या बाईच्याच डोक्यात बसू शकतं. नऊ दिवस हलवायचं नाही, उघडायचं नाही, दहाव्या दिवशी उठवायचं, म्हणजे घट. नवरात्रात मातीत धान पेरून घट बसवतात, रोज त्यावर पाणी शिंपडतात, तसा तिनं कानाचा घट बसवला. डोक्यावरून अंघोळ बंद. एक वेळ जेवण. आणि सकाळ-संध्याकाळ त्या पट्टीवर हळदीचं पाणी. पट्टी वाळू द्यायची नाही. वाळली तर उगवणार कसं?

सातव्या दिवशी बाणू माझ्याकडं आली. "पिरामामा, आई भिताडाकडं तोंड करून बसलीय. जेवंना. गाणगापूरहून आल्यापून आशीच करायलीय."

मी गेलो. दारातच वास आला. मेंढराच्या खुरात किडे झाले की येतो तसला. डोक्यावरून पदर ओढून अक्का बसलेली, डावा गाल सुजून डोळा अर्धा मिटलेला, अंग भट्टीसारखं. मी पदराला हात लावला तशी तिनं फाडकन माझ्या हातावर मारलं.

"घट बसलाय. हात लावू नको."

"कसला घट? चैत्रात?"

"कानाचा."

मग तिनं सगळं सांगितलं, तुटक तुटक. मी ओरडलो, "अक्का, सडायलाय कान तुझा! दवाखान्यात चल!"

"तू सांगितलास बोळ. आता तूच ओरडायलास कामून? उस्तादाबिगर पट्टीला कुणी हात लावायचा न्हाई."

ओरडून ती हलणार नव्हती. मग मी खोटं बोललो. म्हणालो, "बरं झालं बोललीस. तुझा उस्ताद बीदरला आलाय. सरकारानं बोलवून घेतलाय, मोठ्या दवाखान्यात बसतोय."

तिनं एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. "खरं?"

"तुझी आण."

भालकीपर्यंत बैलगाडी, पुढं बीदरची मोटार. वाटेत तिला थंडी वाजून आली, दात एकमेकांवर आपटायला लागले, बाणूनं तिला घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतलं. दवाखान्यात डॉक्टर चन्नबसप्पा होते. मी त्यांना बाहेरच कानात सगळं सांगितलं. ते आत आले तशी ती म्हणाली, "ह्यो उस्ताद न्हाई. उस्तादाला दाढी हाय."

डॉक्टरांनी क्षणभर माझ्याकडं रागानं बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "मी उस्तादचा थोरला भाऊ आहे, अक्का. त्यानं शिवायचं, मी सोडायचं."

पट्टी सोडली. बाणू बाहेर पळाली. मी उभा राहिलो, कारण मला उभं राहायलाच पाहिजे होतं.

डॉक्टरांनी चिमट्यानं एक टाका काढला, उजेडात धरला. "हे सूत नाही. घोड्याच्या शेपटीचा केस आहे." मग प्रश्नांवर प्रश्न. केस उकळला होता का? पात्यावर गंज होता का? काळी पूड कसली? धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं का? एकाचंही उत्तर आमच्याकडं नव्हतं. ते म्हणाले, "हाच खरा घोटाळा. गावचा माणूस असता तर तिसऱ्या दिवशी सूज आल्यावर हात धरून आणला असता त्याला. परमुलखातला माणूस कान शिवतो, सुई उचलतो, आणि जखम हिच्याबरोबर गाडीत बसून इकडं येते. त्यानं काय घातलंय आत, ते मी अंदाजानं शोधायचं. आणि चार टाक्यांचं काम हे. भालकीच्या सरकारी दवाखान्यात झालं असतं."

म्हाळसाक्का डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "दवाखाना आजाऱ्याचा आसतोय. कान फाटणं काय आजार हाय व्हय?"

डॉक्टरांनी पुढचा टाका काढायला चिमटा उचलला.

इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, पाळी गेलीय, वरचं मऊ हाडही काळं पडायलंय. कानाचा खालचा अर्धा भाग काढावा लागेल. विष डोक्याकडं चढायच्या आत. फार तर उद्या सकाळपर्यंत थांबता येईल, तेही इंजेक्शनच्या जोरावर.

अक्का म्हणाली, "न्हाई."

"अक्का, जीव जाईल."

"जाऊ द्या. तेवढं सोडून काय बी करा. आमच्या आईनं मला कानातनं दिलं, तिला तिच्या आईनं. माझ्यापाशी येऊन तुटायचं?"

मी तिच्यावर ओरडलो. इतका की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. "एका झुब्यासाठी मरतीस? येडी झालीस का?" डॉक्टरांनी मला दंड धरून बाहेर काढलं.

बाहेर लिंबाखाली उभा राहिलो. राग मावत नव्हता. उस्ताद हाताशी नव्हता. पाटीची गोष्ट सांगणारा मी हाताशी होतो, पण स्वतःशी भांडायला कुणाला आवडतं? मग आठवली सिद्धव्वा. शेळीनं खाल्ला काय, म्हणे! हुमनाबादवरून कमलापूरकडं जाणारी मोटार उभी होती. चढलो. कमलापूरला पोचलो तेव्हा ऊन टळटळीत. सिद्धव्वा जात्यावर बसलेली. मी दारातूनच सुरू केलं. तुमच्या एका हसण्यापायी बाई मरायला लागलीय, खुशाल दळण दळा, आणि असंच बरंच काही. वाटेत सगळं जुळवत आलो होतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. जात्याचा खुंटा सोडला, उभी राहिली आणि म्हणाली, "मोटार कधी हाय?"

कोपरापर्यंत पीठ लागलेल्या हातांनीच ती माझ्याबरोबर निघाली. वाटेत दोनदा विचारलं, "दुखायलंय का लई तिला?" माझं भांडण पहिल्या पाच मैलांतच विरून गेलं.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलला होता. म्हाळसाक्कानं तिला बघून पदर कानावर ओढला. सिद्धव्वा खाटेवरच बसली; खाट करकरली.

"दाखव."

"न्हाई."

"आगं, मी तुझी पोरगी मागितली. कान मागितला हुता का?"

"हसलीस न्हवं तू."

"हसले. माझं तोंडच तसलं." तिनं ओठ वर केला, वरचे चार दात गायब. "हे बघ. लग्नात पदर लावून हसती मी. तू विचारली आस्तीस, बीगती, दात कुणी खाल्ले? मग मी काय शहराला गेली आस्ती?"

म्हाळसाक्काच्या ओठांचा कोपरा हलला. पण ती म्हणाली, "तुझ्या दातानं कुणाचं काय आडत न्हाई. माझ्या कानानं रीत आडती."

"तुला आई हुती म्हणून तिनं दिलं," सिद्धव्वा म्हणाली. "हिला कोण देणार? मी सासू हाय. मी दिलं तर ते सासूचं. आईचं कोण देणार, सांग."

म्हाळसाक्कानं खिडकीकडं तोंड फिरवलं. सिद्धव्वा तिच्या पायांवरून हात फिरवत बसली, पीठ वाळून पापुद्रे पडलेला हात. मी दाराशी. डॉक्टर एकदा डोकावून, घड्याळ बघून गेले.

तेव्हा बाणू बोलली. ही पोर तोंडातनं शब्द न काढणारी, बापावर गेलेली. कोपऱ्यातून म्हणाली, "आई, तू मेलीस तर मी झुबे घालणार न्हाई."

"मग काय करशील?"

"इकीन. दोन्ही बी. आन त्या पैशाच्या शेळ्या घीन."

म्हाळसाक्का कोपरावर उठली. दोन दिवसांत पहिल्यांदा. "शेळ्या? धनगराची पोर आन शेळ्या घेणार? माझ्या आईचे झुबे इकून?"

"व्हय."

"सिद्धव्वा, ऐकतीस का हिचं? आसली सून नेणार हायस तू घरात?"

"नेणार की. पर हिला आवरायला तू पायजेस. मला एकटीला जमत न्हाई हिच्यासंगं."

म्हाळसाक्का धापा टाकत सगळ्यांकडं बघत राहिली. मग माझ्यावर डोळे आले. "पिराज्या, उभा काय हायस दगडावानी? बोलव त्या उस्तादाच्या भावाला. ह्या पोरीला माझ्या माघारी सोडून जाता येत न्हाई."

रात्रीच्या आत काम झालं. डॉक्टरांनी कानाचा खालचा अर्धा भाग काढला. चार दिवस ताप चढत उतरत राहिला, पाचव्या दिवशी उतरला तो उतरलाच. तिला उठून बसता यायला तीन आठवडे गेले. सिद्धव्वानं लग्नाची तारीख स्वतःहून पुढं ढकलली आणि कमलापुरात सांगितलं, की माझ्याच घरात अडचण आहे.

मी मधल्या काळात हैदराबादला जाऊन आलो. म्हणजे भांडायला गेलो होतो. पाटी तशीच होती, खाली उस्ताद नव्हता. शेजारचा कंगवेवाला म्हणाला, कुठल्याशा उरुसाला गेलाय, तिकडून कुठं जाईल अल्लाला ठाऊक. मी उभा राहून त्या दोन रंगवलेल्या कानांकडं बघत राहिलो. म्हातारा लबाड नव्हता बहुतेक. चाळीस वर्षं कान शिवत असेल, आणि त्यातले किती सडले हे त्याला कधीच कळलं नसेल, कारण सडलेला कान घेऊन त्याच्याकडं परत कोण येणार? मी आलो होतो, तर तो नव्हता.

मिरगाच्या आधी हळद लागली. अंगणात घोंगडी अंथरलेली, बाणू पाटावर. म्हाळसाक्का भिंतीला टेकून आली, डाव्या बाजूला पांढरी पट्टी, ही डॉक्टरांची, रोज बदललेली. उजव्या कानातला झुबा तिनं काढला, बाणूच्या उजव्या कानात घातला. मग चिंधी सोडून दुसरा काढला आणि थांबली. बाया बघायला लागल्या. भावकीतली एक म्हातारी कुजबुजली, "हे कानातनं कसं व्हईल?"

लिंगाप्पा मांडवाच्या खांबाशी काठी टेकून उभा होता. लग्नासाठी मेंढरं दुसऱ्याकडं सोपवून आलेला. त्याचा आवाज त्या अंगणातल्या निम्म्या लोकांनी कधी ऐकला नव्हता. "व्हतंय," तो म्हणाला. "माझ्या घरात व्हतंय."

म्हाळसाक्कानं झुबा उचलून पट्टीवर धरला, जिथं पाळी होती तिथं, बोटानं दाबून. "ये हिकडं," ती बाणूला म्हणाली. बाणू वाकली, आपला डावा कान तिनं आईच्या पट्टीशी नेला. दांडी छिद्रात जाईना. सिद्धव्वानं पुढं झुकून बाणूची पाळी नुसती ताणून धरली. एकदाचा झुबा गेला.

बाणूनं डोकं उचललं नाही. तशीच वाकून आईच्या खांद्यावर राहिली. म्हाळसाक्कानं थोडा वेळ तिला राहू दिलं. मग अक्का म्हणाली,

"ऊठ की गं आता. खांदा भरून आलाय माझा."

पण हात तिनं लेकीच्या पाठीवरून काढला नव्हता.